हिल्सबरोच्या रिकाम्या खुर्च्या

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात कुणाशी नवी ओळख झाली की नाव, गाव, कामधंदा विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, शहरातल्या दोन मोठ्या फुटबॉल क्लबांपैकी तुमचा कोणता : वेन्सडे की युनायटेड? इथं जन्मलेल्याला उत्तर शोधावं लागत नाही, ते घरातूनच आलेलं असतं. मी बाहेरून आलेली, पण राहते वॉक्लीला, वेन्सडेच्या हिल्सबरो स्टेडियमच्या वरच्या चढावर. वारा इकडचा असला की शनिवारी दुपारी मैदानातला गलका थेट स्वयंपाकघरात येतो. त्यामुळे माझं उत्तर शेजाऱ्यांनीच परस्पर देऊन टाकलं आणि मीही ते मनापासून मान्य केलं.

आपल्याकडे इंग्लंडचं फुटबॉल म्हणजे टीव्हीवरची प्रीमिअर लीग. पुण्या-मुंबईत आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टरचे टी-शर्ट घालून रात्री जागणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं प्रेम खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण ज्या संघाचा सामना जगात कुठंही दाखवत नाहीत, जो संघ बहुधा हरणारच आहे, त्याच्यासाठी पावसात उभं राहणं ही गोष्ट वेगळी. मी कोल्हापूरची. पेठेपेठेची तालीम, तालमीचा संघ, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की शाहू स्टेडियमकडे लोटणारी गर्दी, हे लहानपणापासून बघितलेलं. म्हणून शेफिल्ड मला परकं वाटलं नाही. संघ आधी माणसांचा असतो आणि मग बाकी सगळ्यांचा, हे इथल्या लोकांना मला समजावून सांगावं लागलं नाही, मलाही त्यांच्याकडून शिकावं लागलं नाही.

आणि हे शहर तर या सगळ्याचं मूळ आहे. २४ ऑक्टोबर १८५७ रोजी नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोन क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांनी शेफिल्ड फुटबॉल क्लब काढला. आज जगात जेवढे फुटबॉल क्लब आहेत त्यांतला हा सगळ्यात जुना. ईस्ट बँक रोडवरचं एक काचघर हे त्यांचं पहिलं कार्यालय आणि शेजारचं शेत हे मैदान. खेळायला दुसरा क्लबच नव्हता, मग आपसातच संघ पाडायचे. विवाहित विरुद्ध अविवाहित असे सामने व्हायचे! हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पुढं अब्जावधींचा धंदा झालेल्या खेळाची सुरुवात लग्न झालेल्यांनी न झालेल्यांना हरवायच्या ईर्षेतून व्हावी, यात काहीतरी फार निरोगी आहे. १८५८ मध्ये त्यांनी स्वतःचे नियम लिहिले. पुढची जवळपास वीस वर्षं हे गाव लंडनच्या नियमांनी नव्हे, स्वतःच्या नियमांनी खेळत होतं. कॉर्नर किक जगाला मिळाली ती शेफिल्डच्या नियमांतून.

दुसरा क्लब निघाला १८६० मध्ये, हॅलम. त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, सँडीगेटच्या मैदानावर शेफिल्ड आणि हॅलम भिडले. दोन क्लबांमधला हा जगातला पहिला फुटबॉल सामना. शेफिल्डने तो २-० असा जिंकला. ते मैदान अजून आहे, आणि हॅलम अजून तिथंच खेळतं. गिनीज बुकात जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून त्याची नोंद आहे.

सँडीगेटला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनात तीर्थक्षेत्री निघाल्याची भावना होती. तिथं पोचल्यावर कळलं की इथं सोवळंओवळं काही नाही. क्रॉसपूलच्या चढावर, घरांच्या मधोमध ते मैदान आहे. मैदान म्हटलं की सपाट जमीन डोळ्यांपुढं येते, पण सँडीगेटला चांगला उतार आहे. एका अर्ध्यात संघ उतारावरून खेळतो, दुसऱ्या अर्ध्यात चढाकडं. नाणेफेक जिंकणाऱ्या कप्तानाला आधी कोणतं दुखणं पत्करायचं याचा खरोखर विचार करावा लागतो. प्रेक्षक कठड्याला रेलून उभे. कुणाच्या हातात चहा, कुणाच्या पायाशी कुत्रा. खेळाडू इतक्या जवळून पळतात की त्यांचा श्वास ऐकू येतो, बुटांचे खिळे ओल्या गवतात रुतल्याचा आवाज येतो, आणि गोलकीपर आपल्या बचावपटूंना ज्या शब्दांत फैलावर घेतो ते सगळेच्या सगळे ऐकू येतात. माझ्या शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. चेंडू भिंतीपलीकडं गेला की तो कुठं पडला हे ती हात करून सांगायची आणि क्लबचा माणूस तो आणायला जायचा. मध्यंतरात त्याने तिला चॉकलेट आणून दिलं. त्या क्लबचं तिच्याकडं काहीतरी काम होतं, हे मी विसरलेले नाही.

सगळ्यात जुन्या क्लबाचं मात्र आज शेफिल्डमध्ये स्वतःचं मैदान नाही. शेफिल्ड एफसी २००१ पासून शहराच्या हद्दीबाहेर, डर्बीशरमधल्या ड्रॉनफिल्डला खेळतो. २००४ मध्ये फिफाने त्याला जो खास सन्मान दिला तो क्लबांपैकी आणखी फक्त रेआल माद्रिदला मिळाला आहे. तरी २०११ मध्ये या क्लबाला आपल्या जुन्या नियमांची हस्तलिखितं लिलावात विकावी लागली. ८ लाख ८१ हजार २५० पौंड आले. मला ही विक्री आजही टोचते. ज्या गावाने खेळ घडवला त्या गावाने आपल्या पहिल्या क्लबाला एक मैदान देऊ नये? परत शहरात येण्याची त्यांची खटपट वर्षानुवर्षं चालू आहे, आणि ती फळाला यावी असं मला मनापासून वाटतं.

आता मोठ्या दोघांबद्दल. वेन्सडे हे नाव ऐकून आपल्याकडची माणसं हसतात. १८२० मध्ये शेफिल्डमधल्या कारागिरांनी क्रिकेट क्लब काढला. त्यांची अर्ध्या दिवसाची सुट्टी बुधवारी असायची, म्हणून क्लबाचं नाव बुधवारचं. हिवाळ्यात क्रिकेट बंद झाल्यावर मंडळी पांगू नयेत, म्हणून ४ सप्टेंबर १८६७ च्या संध्याकाळी ॲडेल्फी हॉटेलात जमून त्यांनी फुटबॉलची शाखा काढली. क्रिकेट कधीच संपलं, शाखा राहिली. त्या हॉटेलाच्या जागी आता क्रूसिबल थिएटर आहे, जिथं स्नूकरची जागतिक स्पर्धा होते. १८९९ मध्ये क्लब आउलर्टन भागात, म्हणजे आजच्या हिल्सबरोला आला. त्या भागाच्या इंग्रजी नावात घुबड (आउल) दडलेलं आहे, म्हणून संघाचं चिन्हही घुबड. आपल्याकडं अशुभ मानलेला पक्षी इथं लहान मुलं छातीवर मिरवतात.

युनायटेडचा जन्म गल्ल्याच्या पेटीतून झाला असं म्हटलं तरी चालेल. मार्च १८८९ मध्ये ब्रामल लेनच्या क्रिकेट मैदानावर एफए कप या इंग्लंडच्या चषक स्पर्धेचा उपांत्य सामना झाला, बाहेरच्या दोन संघांचा. त्याला लोटलेली गर्दी पाहून मैदानवाल्यांनी सहाच दिवसांत स्वतःचा फुटबॉल क्लब काढला. सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या गावाचा संघ म्हणून ते ब्लेड्स. मैदान क्रिकेटसाठी आखलेलं असल्यामुळे कितीतरी वर्षं फुटबॉलला तिथं तीनच बाजूंनी प्रेक्षक बसत. चौथी बाजू १९७३ मध्ये क्रिकेट गेल्यानंतर बांधली गेली.

दोन्ही क्लबांच्या कपाटात जुनी चांदी आहे. वेन्सडे चार वेळा इंग्लंडचा विजेता, शेवटचा १९३० मध्ये. युनायटेड एकदाच, १८९८ मध्ये. दोघांनाही गेलेल्या दिवसांचा अभिमान आहे आणि दोघंही एकमेकांना डुक्कर म्हणतात. हे खरं आहे : निळे वेन्सडेवाले लाल युनायटेडवाल्यांना डुकरं म्हणतात आणि लाल निळ्यांना. कुणी आधी सुरुवात केली यावर दोन्ही बाजू शपथेवर सांगायला तयार असतात.

माझे शेजारी वेन्सडेवाले. सत्तरी ओलांडलेले, आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलं. त्यांच्या बायकोचा भाऊ युनायटेडचा. रविवारी जेवायला एकत्र बसतात, बटाट्यावर तोच हेंडरसन्स रेलिशचा सॉस ओततात आणि तेच तेच सामने पुन्हा खेळतात. मेव्हण्याने फार चढवलं की हे शेजारचे आजोबा एवढंच म्हणतात, ‘बॉक्सिंग डे.’ २६ डिसेंबर १९७९. दोन्ही क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत घसरलेले. तरी हिल्सबरोवर ४९ हजार ३०९ माणसं आली आणि वेन्सडेने युनायटेडला ४-० असं लोळवलं. त्या श्रेणीतल्या हंगामातल्या नियमित सामन्याला एवढी गर्दी इंग्लंडमध्ये आजवर झालेली नाही. संघ तळाला गेला म्हणून माणसं कमी झाली नाहीत. १९९३ मध्ये दोघं एफए कपच्या उपांत्य फेरीत आले तेव्हा सामना लीड्सला ठरला होता. शेफिल्डच्या लोकांनी आवाज उठवला, सामना वेम्बलीला हलवावा लागला, आणि ७५ हजारांवर माणसांनी तो पाहिला. क्रिस वॉडलची दुसऱ्याच मिनिटातली फ्री किक आजोबा अजून बसल्या जागी पाय उडवून दाखवतात.

पण हिल्सबरो म्हटलं की जगाला यातलं काहीच आठवत नाही. १५ एप्रिल १९८९ आठवतो. त्या दिवशी तिथं सामना लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचा होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूला बाहेर गर्दी दाटली, पोलिसांनी एक मोठं दार उघडलं, आणि आत आलेल्या लोकांना बाजूच्या मोकळ्या जागेकडं न वळवल्यामुळे ते बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या पिंजऱ्यांत गेले. पिंजरे हा शब्द मी वाढवून वापरत नाही. प्रेक्षक मैदानात उतरू नयेत म्हणून तेव्हा पुढं आणि दोन्ही बाजूंना उंच लोखंडी कुंपण असायचं. लिव्हरपूलच्या ९७ पाठीराख्यांचा जीव गेला, शेवटच्या माणसाचा त्या दिवसाच्या जखमांमुळे २०२१ मध्ये. वर्षानुवर्षं दोष मेलेल्यांच्याच माथी मारला गेला, दारू प्यायले होते म्हणून. घरच्या माणसांनी सत्तावीस वर्षं धीर सोडला नाही. २०१६ मध्ये ज्युरीने सांगितलं की या माणसांचा मृत्यू बेकायदेशीर कृत्याने झाला आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काहीही दोष नव्हता.

मैदानाचा सुरक्षा परवाना १९७९ नंतर अद्ययावतच केला गेला नव्हता. क्लबच्या तेव्हाच्या सचिवांना २०१९ मध्ये सुरक्षेतल्या हयगयीबद्दल साडेसहा हजार पौंड दंड झाला. वेन्सडेवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे लिहिणं मला आवश्यक वाटतं. दक्षिण बाजूच्या दारापाशी स्मारक आहे. मी त्या वाटेने जाते तेव्हा थांबते. फुलांमध्ये लिव्हरपूलचे लाल मफलर असतात, आणि बऱ्याचदा वेन्सडेचे निळे-पांढरेही. आजोबा त्या दिवशी हिल्सबरोवर नव्हते, घरी होते. जवळपासच्या घरांत माणसं फोन करायला येत होती, घरी कळवायला की आपण जिवंत आहोत. याहून जास्त ते कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

तेव्हा प्रेक्षक म्हणजे आवरायची गर्दी होती. कुंपणं निघाली, मोठ्या मैदानांवर खुर्च्या आल्या, मैदानं सुरक्षित झाली, आणि हे व्हायलाच हवं होतं. पण त्याबरोबर प्रेक्षकाचं गिऱ्हाईक झालं. गिऱ्हाइकाला विचारायचं काय? त्याने पैसे द्यायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वेन्सडेचे मालक, थायलंडचे उद्योगपती देजफॉन चान्सिरी यांनी जाहीरपणे सांगितलं की कराची थकबाकी आणि पगारासाठी २० लाख पौंड लागतात, २० हजार चाहत्यांनी शंभर-शंभर पौंड द्यावेत. त्यांनी २०१५ मध्ये क्लब घेतल्यावर त्यात बराच पैसा ओतला हे खरं आहे, पहिल्या दोन वर्षांत संघ प्रीमिअर लीगच्या उंबरठ्यापर्यंत गेला हेही खरं. पण हिल्सबरोचं मैदानच क्लबाकडून काढून त्यांच्या स्वतःच्या कंपनीला विकलं गेलं होतं. ज्या लोकांकडं शंभर पौंड मागितले, त्यांना या विक्रीबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

२०२५ हे वर्ष फार वाईट गेलं. खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार पुन्हा पुन्हा रखडले. खेळाडू सोडून गेले, प्रशिक्षक गेले, उत्तरेकडची प्रेक्षागृहाची बाजू सुरक्षेच्या कारणावरून काही काळ बंद करावी लागली. हंगाम सुरू झाला तेव्हा संघात जेमतेम माणसं, त्यांतली बरीच विशीच्या आतबाहेरची पोरं. पहिला सामना लेस्टरला. वेन्सडेचे पाठीराखे तिथं गेले, पण सामना सुरू झाला तेव्हा निषेध म्हणून त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पाच मिनिटं झाल्यावर ते आत आले आणि मग नव्वद मिनिटांचा आवाज उरलेल्या पंच्याऐंशीत भरून काढला.

मग समर्थकांच्या ट्रस्टने मालकाविरुद्ध बहिष्काराची हाक दिली : २२ ऑक्टोबर, मिडल्सब्रोविरुद्धचा सामना, हिल्सबरोवर, आणि वार बुधवार. आमच्या गल्लीत त्यावरून घराघरांत वाद झाले. पोरं पगाराविना खेळताहेत आणि आपण त्यांच्या पाठीशी उभं राहायचं नाही? हा प्रश्न खोटा नव्हता. आजोबांचा वार्षिक पास होता, म्हणजे पैसे तर आधीच गेलेले. तरी ते गेले नाहीत. मी रात्री त्यांच्याकडं डबा द्यायला गेले तर रेडिओ लावून बसलेले, अंगात निळा स्वेटर. म्हणाले, ‘पोरी, आयुष्यात घरच्या मैदानावरचा सामना मी आजारपणाशिवाय चुकवलेला नाही. आज मात्र माझी खुर्ची त्या मालकाला रिकामी दिसली पाहिजे.’ एरवी वीस-पंचवीस हजार माणसांनी भरणारं मैदान, त्या रात्री कसेबसे सात हजार आले. वेन्सडे १-० हरलं. सामना संपल्यावर आजोबांनी रेडिओ बंद केला आणि आमटी कशी झाली ते मला सांगितलं.

पाठीराखा म्हणजे जो येतो तो, अशीच माझी समजूत होती. त्या रात्री जे आले नाहीत त्यांच्याइतकं क्लबसाठी कुणी काही केलं असेल असं मला वाटत नाही. चाहत्याचं येणं मालक गृहीत धरतो. त्याच्यावर तिकिटाचे भाव ठरतात, कर्जं मिळतात, जाहिराती येतात. ते येणं पोरकटपणाने नव्हे, रागाच्या भरात नव्हे, तर ठरवून, एकमेकांशी भांडून-बोलून, काळजावर दगड ठेवून मागं घेता येतं, हे या लोकांनी दाखवलं.

दोनच दिवसांनी, शुक्रवारी २४ ऑक्टोबरला, क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत प्रशासकांच्या हाती गेला आणि चान्सिरींची मालकी संपली. जगातला आजचा सगळ्यात जुना क्लब याच गावात याच तारखेला निघाला होता. नियमाप्रमाणे १२ गुण कापले गेले, संघ शून्याच्याही खाली गेला. डिसेंबरमध्ये आणखी सहा कापले. खालच्या श्रेणीत जाणं जवळपास २४ ऑक्टोबरलाच ठरलं होतं. आणि तरी त्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या भागात दिवाळी होती. क्लबच्या दुकानापुढं रांगा लागल्या, शनिवारच्या सामन्याची तिकिटं हातोहात गेली. आतापर्यंत जे लोक मुद्दाम एक पैसाही खर्च करत नव्हते, ते मफलर, मग, लहान मुलांचे कपडे, जे मिळेल ते घेत होते, कारण आता तो पैसा कामगारांच्या पगाराला जाणार होता.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. स्वतंत्र नियामक आला. मालक कोण होऊ शकतो याची तपासणी, मैदान विकण्यावर बंधनं, चाहत्यांशी सल्लामसलत हे त्यात आहे. मी या कायद्याच्या बाजूची आहे. पण नुसत्या सल्लामसलतीवर माझं समाधान नाही. क्लबच्या संचालक मंडळात पाठीराख्यांनी निवडलेली माणसं मतासह बसली पाहिजेत, आणि मैदान क्लबापासून तोडताच येता कामा नये. मालक दहा वर्षांसाठी येतात. आजोबांचे आजोबा आउलर्टनला यायचे.

त्या शनिवारी सकाळी आजोबांचा गुडघा धरला होता, दुकानापुढच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. नातवाला मफलर तर घ्यायचा होता. मेव्हणा गेला. लाल रक्ताचा, ब्रामल लेनवर युनायटेडचं चिप बटीचं गाणं बेंबीच्या देठापासून म्हणणारा माणूस हिल्सबरोच्या दुकानापुढं रांगेत उभा राहिला. दोन ओळखीच्या वेन्सडेवाल्यांनी त्याला पाहिलं आणि बाजूला घेऊन पुढं जागा दिली. घरी आल्यावर पिशवी टेबलावर ठेवून तो म्हणाला, ‘याचे पैसे नकोत. डर्बीत वसूल करू.’ नोव्हेंबरमध्ये ब्रामल लेनवर ही डर्बी, म्हणजे शहरातल्या दोघांची आपसातली लढत, झाली, युनायटेडने ३-० ने जिंकली. पुढच्या रविवारी जेवायला मीही होते. मेव्हणा पहिल्या गोलापासून सुरू झाला, तिसऱ्यापर्यंत पोचला, आणि आजोबांनी सॉसची बाटली त्याच्यापुढं सरकवत म्हटलं, ‘बॉक्सिंग डे.’